हवामान आणि जंगलातली परकीय कीड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलावर पडणारी परकीय कीड आणि हवामान यांच्याबद्दल वाचकांकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दर हिवाळ्यात थंडीबद्दल आणि दर उन्हाळ्यात दुष्काळाबद्दल तेच प्रश्न नव्याने येतात, म्हणून काही उत्तरं जरा ऐसपैस झाली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. दुसऱ्या प्रश्नाशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हवामान बदलल्यामुळे परकीय कीड आपल्या जंगलात येते का?

बहुतेक वेळा नाही. कीड माणूस आणतो. पाचूसारखा हिरवा चमकणारा, ॲशची झाडं पोखरणारा एमराल्ड ॲश बोरर हा भुंगेरा मूळचा पूर्व आशियातला. तो २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ आणि पलीकडे कॅनडात विंडसरला सापडला, पण आला होता त्याच्या कित्येक वर्षं आधी, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून. स्पॉन्जी मॉथ हा पतंग तर एतिएन लेओपोल्द त्रूव्हलो या हौशी अभ्यासकाने १८६८-६९ च्या सुमारास रेशमाच्या प्रयोगांसाठी युरोपातून मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला मुद्दाम आणला आणि तो तिथून निसटला.

हवामानाचं काम त्यानंतर सुरू होतं. आलेली कीड टिकेल का, वर्षाला किती पिढ्या काढेल, कुठवर पसरेल आणि समोरचं झाड तिला किती दाद देईल, हे हवामान ठरवतं. ही दोन कामं वेगळी ठेवली नाहीत तर उपायही चुकतात. थंडी कमी झाली म्हणून हळहळत बसायचं आणि बंदरावरच्या लाकडी खोक्यांकडे बघायचंच नाही, असं होऊन बसतं. अपवाद आहेत, ते प्रश्न १२ आणि १४ मध्ये.

२. ‘उद्रेक’ कशाला म्हणायचं? झाडावर दहा-वीस अळ्या दिसल्या तर तो उद्रेक का?

नाही. किडीची संख्या थोड्या काळात इतकी वाढते की झाडांना ती सोसवत नाही आणि नुकसान दुरूनही डोळ्यांत भरतं, त्याला उद्रेक म्हणतात. कित्येक किडी वर्षानुवर्षं कमी संख्येने राहतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मग दोन-तीन वर्षं हवा त्यांच्या बाजूने फिरते आणि संख्या एकदम उसळते. त्यामुळे उद्रेक दिसला त्या वर्षाच्या हवेत कारण शोधू नका. ते आधीच्या दोन-तीन वर्षांत सापडण्याची शक्यता जास्त.

३. हवामान नेमका कशावर परिणाम करतं? किडीवर की झाडावर?

दोघांवरही, आणि तिसऱ्यावरही. तिसरा म्हणजे किडीचा शत्रू: तिच्यावर जगणारी बुरशी, विषाणू, परजीवी माशी, शिकारी भुंगेरा. एकच कोरडा उन्हाळा किडीची वाढ लवकर करतो, झाडाची राळ आटवतो आणि किडीला मारणाऱ्या बुरशीला रुजू देत नाही. कधी हे तिन्ही एका दिशेला ओढतात, कधी एकमेकांच्या विरुद्ध. ‘गरम वर्ष म्हणजे जास्त कीड’ असा सरळ नियम म्हणूनच चालत नाही. खालची बहुतेक उत्तरं या तिघांकडेच परत येतात.

४. कडाक्याच्या थंडीने कीड मरते ना? किती थंडी लागते?

मरते, पण प्रत्येक किडीची सोसण्याची हद्द वेगळी. हेमलॉक वुली ॲडेल्जिड हा हेमलॉक या सूचिपर्णी झाडावरचा, मावा-वर्गातला इवलासा रसशोषक कीटक जपानहून पूर्व अमेरिकेत आला. व्हर्जिनियात रिचमंडजवळ त्याची नोंद १९५१ ची आहे. पारा उणे २० च्या खाली गेला की त्यांच्यात मोठी मर होते आणि उणे ३० ते ३५ ला जवळजवळ कुणी उरत नाही. स्पॉन्जी मॉथची उघड्यावरची अंडी उणे ३० च्या आसपास मरतात. पाइनवरच्या माउंटन पाइन बीटल या साल-भुंगेऱ्याच्या अळ्यांना ऐन हिवाळ्यात मारायला उणे ४० च्या जवळ जावं लागतं.

या किडी थंडी सोसतात कशा, तेही बघण्यासारखं आहे. ॲश बोररची अळी हिवाळ्याआधी सालीत किंवा सालीखालच्या लाकडात छोटी खोली कोरते आणि त्यात इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी दुमडून पडते. तिच्या अंगातल्या द्रवात ग्लिसरॉल साठतं, आपण गाडीच्या रेडिएटरमध्ये गोठणरोधक घालतो तसं. त्यामुळे उणे ३० च्या आसपासही तिच्या अंगात बर्फ होत नाही. बर्फ झाला की मात्र ती संपली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हिवाळ्याची सरासरी बघून काही कळत नाही. किडीला मारते ती एखादीच रात्र. हिवाळे सरासरीने दोन अंशांनी उबदार झाले यापेक्षा, पूर्वी दर काही वर्षांनी येणारी ती एक मारक रात्र आता येईनाशी झाली, याचं मोल किडीच्या लेखी कितीतरी मोठं आहे.

५. यंदा विक्रमी थंडी पडली. आता कीड संपली समजायचं का?

समजू नका. ढोबळ हिशेब करून बघा. हेमलॉक ॲडेल्जिडमध्ये पूर्व अमेरिकेत सगळ्या माद्याच असतात, नराची गरजच नाही. एक मादी शंभराहून अधिक अंडी घालू शकते आणि वर्षाला दोन पिढ्या होतात. शंभरातल्या पंच्याण्णव थंडीने मेल्या तरी उरलेल्या पाच जणींची अंडी होतात पाचशे. त्यातली निम्मी वाया गेली तरी संख्या पहिल्यापेक्षा वरच. २०१४ आणि २०१५ च्या कडक हिवाळ्यांनी ईशान्य अमेरिकेत या किडीची मोठी कत्तल केली, झाडांना थोडी उसंत मिळाली, पण कीड काही हटली नाही.

दुसरं म्हणजे, हवामान केंद्राचा आकडा आणि किडीला लागलेली थंडी एक नसते. साल काही अंशांचा आडोसा देते. उन्हाच्या बाजूची साल दुपारी आणखी तापते. बर्फ तर चक्क गोधडी आहे. स्पॉन्जी मॉथची मादी खोडावर जमिनीलगतही अंडी घालते. बर्फाखाली गेलेली ती अंडी वाचतात आणि बर्फाच्या रेघेवरची मरतात. वसंतात खोड निरखून पाहिलं तर ही रेघ कधीकधी स्पष्ट ओळखता येते. खालची फिकट तपकिरी, मखमली गादीसारखी अंडीपुंज फुटलेली, वरची तशीच सुकलेली. बर्फ कमी पडला आणि थंडी मात्र कडक, असं वर्ष या किडीला सर्वांत जड जातं.

६. हिवाळ्यात मधेच आठवडाभर ऊब आली तर किडीला फायदा की तोटा?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि उत्तर अनेकांना उलटं वाटतं. थंडीची तयारी ही चढवायची आणि उतरवायची गोष्ट आहे. ॲश बोररच्या अळ्यांवर कॅनडात झालेल्या प्रयोगांत ऐन हिवाळ्यात काही दिवस ऊब दिल्यावर त्यांची थंडी सोसण्याची ताकद घटली आणि पुन्हा थंडीत ठेवल्यावर ती पूर्ण परत आली नाही. म्हणजे मधल्या उबेनंतर लगेच जोराची थंडी आली तर एरवी वाचलेली अळी मरू शकते.

हेच शरद ऋतूतही घडतं. माउंटन पाइन बीटलच्या अळीत ग्लिसरॉल हळूहळू साठतं. ते साठायच्या आत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच अचानक पारा कोसळला तर जानेवारीत सहज सोसली असती तेवढी थंडीही जीवघेणी ठरते. हिवाळ्याच्या शेवटीही तसंच. हेमलॉक ॲडेल्जिड जानेवारीत जेवढी थंडी सोसतो तेवढी मार्चमध्ये सोसत नाही. थंडी किती पडली याच्याबरोबरच ती कधी पडली हेही विचारायला हवं.

७. उन्हाळा तापला की कीड जास्त पिढ्या काढते, हे खरं का?

बऱ्याच किडींच्या बाबतीत खरं आहे. कीटकाचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, म्हणून त्याची वाढ दिवसांत न मोजता उष्णतेच्या बेरजेत मोजतात. समजा एखाद्या किडीची वाढ १० अंशांच्या वर सुरू होते आणि दिवसाची सरासरी १८ अंश आहे, तर त्या दिवसाचे ८ अंश-दिवस खात्यात जमा. ठरलेली बेरीज पुरी झाली की अळीचा कोष, कोषाचा प्रौढ. उन्हाळा तापला की ही बेरीज लवकर भरते.

युरोपातला स्प्रूस या सूचिपर्णी झाडावरचा साल-भुंगेरा, इप्स टायपोग्राफस, उत्तरेकडे वर्षाला एक पिढी काढतो, मध्य युरोपात दोन आणि तापलेल्या वर्षी तिसरीही. २०१८ च्या उष्ण, कोरड्या उन्हाळ्यानंतर चेकिया आणि जर्मनीतली स्प्रूसची जंगलंच्या जंगलं तपकिरी पडली, त्यामागे हे वाढलेले पिढ्यांचे हप्ते आणि तहानलेली झाडं अशी दुहेरी कारणं होती. तिकडे हा भुंगेरा देशीच आहे, पण आता तो समुद्र ओलांडतोय (प्रश्न १२).

ॲश बोररचं गणित थोडं निराळं. थंड प्रदेशात किंवा धडधाकट झाडात त्याच्या एका पिढीला दोन वर्षं लागतात, उबेत किंवा खंगलेल्या झाडात एकच. दोनाचं एक वर्ष होणं म्हणजे वाढीचा वेग किती बदलला ते सांगायला नको. जास्तीची पिढी दर वेळी फायद्याचीच असते असं मात्र नाही, त्याबद्दल प्रश्न १६.

८. मग अति उष्णतेने कीड मरत नाही का?

मरते, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. स्पॉन्जी मॉथ दक्षिणेकडे सरकत असताना व्हर्जिनियाच्या किनारपट्टीच्या सखल भागात त्याची सरहद्द पुढे जाण्याऐवजी मागे हटली. तिथला उन्हाळा त्याला झेपण्यापलीकडे गेला होता. शिवाय या पतंगाच्या अंड्यांना नीट फुटण्याआधी थंडीची विश्रांती लागते. हिवाळा पुरेसा थंड नसेल तर ती विश्रांतीच अपुरी राहते. एकच तापमानवाढ या किडीला उत्तरेला दार उघडते आणि दक्षिणेला बंद करते.

हेमलॉक ॲडेल्जिडला उन्हाळा इतका नकोसा असतो की तो उन्हाळाभर निजूनच राहतो आणि शरदात जागा होऊन हिवाळ्यात खातो. सुयांच्या बुडाशी दिसणारे कापसाच्या बोंडांसारखे पांढरे ठिपके म्हणूनच हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि वसंतात सर्वांत ठळक असतात. पाहणी करायची तर तेव्हा करा.

९. दुष्काळात परकीय कीड का माजते?

झाडाची राखण पाण्यावर चालते. पाइन किंवा स्प्रूसच्या सालीत भुंगेऱ्याने भोक पाडलं की झाड आतून राळ ढकलतं आणि भुंगेरा त्यात अडकतो किंवा बाहेर फेकला जातो. निरोगी झाडावर राळेचे हे छोटे गोळे दिसतात, जणू झाडाने थुंकून टाकलंय. पाण्याची तूट लांबली की राळेचा दाब उतरतो आणि तेच भोक दार होतं.

निलगिरीवरचा ऑस्ट्रेलियन खोडकिडा, युकॅलिप्टस लाँगहॉर्न बोरर, कॅलिफोर्नियात १९८४ मध्ये सापडला. त्याच्या नवजात अळीला ओल्या सालीतून आत शिरता येत नाही. सालीतलं पाणी पुरेसं असेल तर बहुतेक अळ्या तिथेच मरतात. साल वाळली की त्या आत पोचतात आणि खोडाला वेढा घालतात. इथे किडीची संख्या, तिचा जोम, सगळं तेच असतं. फरक पडतो तो सालीतल्या ओलाव्याचा.

चीनमधलं उदाहरण जास्त बोलकं आहे. रेड टर्पेंटाइन बीटल मूळचा उत्तर अमेरिकेचा, तिथे तो खुंटांवर आणि मरणपंथाला लागलेल्या झाडांवर जगणारा, फारसा उपद्रव नसलेला भुंगेरा. तो बहुधा १९८० च्या दशकात लाकडाबरोबर चीनला गेला, शान्शी प्रांतात १९९८ मध्ये सापडला आणि पुढे त्याने साठ लाखांहून अधिक पाइन मारले. उद्रेकाआधीचे हिवाळे उबदार होते आणि दुष्काळ होता. म्हणून एखादी कीड ‘तिकडे निरुपद्रवी आहे’ असं कुणी सांगितलं तर मी कधीच निर्धास्त होत नाही.

एक सावधगिरी: दुष्काळ प्रत्येक किडीला मानवत नाही. झाड फारच सुकलं तर रस शोषणाऱ्या किडींनाही रस मिळत नाही.

१०. आणि पाऊस चांगला झाला तर?

तर किडीच्या शत्रूंचं फावतं, विशेषतः बुरशीचं. एन्टोमोफागा मायमायगा ही जपानी बुरशी स्पॉन्जी मॉथच्या अळ्या मारते. १९१०-११ मध्ये ती बॉस्टनजवळ सोडून पाहिली होती, पण रुजली नाही असं वाटलं आणि विषय मागे पडला. १९८९ मध्ये ईशान्य अमेरिकेत अळ्या अचानक मरू लागल्या तेव्हा ती जंगलात असल्याचं कळलं. तिचे टणक बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. मे-जूनमध्ये जमीन ओली राहिली की ते जागे होतात.

मग आला न्यू इंग्लंडच्या दक्षिण भागातला २०१५-१६ चा दुष्काळ. वसंत कोरडे गेले, बुरशी झोपून राहिली आणि पतंगाची संख्या मोकाट वाढली. २०१६ आणि २०१७ च्या जूनमध्ये ओकची जंगलं हिवाळ्यासारखी निष्पर्ण दिसत होती. २०१७ चा वसंत ओला निघाला आणि बुरशी परतली, पण तोवर त्या वर्षीची पानं खाऊन झाली होती. फायदा दिसला तो पुढच्या वर्षी. लागोपाठ पानं गमावलेले आणि त्यात दुष्काळ सोसलेले कितीतरी ओक मात्र त्यानंतर वाळत गेले. कीड ओसरल्यावर मरणारी ही झाडं कुणाच्या हिशेबात येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

११. अळ्या बुरशीने मेल्या की विषाणूने, हे घरबसल्या ओळखता येतं का?

स्पॉन्जी मॉथच्या बाबतीत बऱ्यापैकी येतं. खोडावर डोकं खाली करून सरळ लटकलेली, वाळकुडी अळी बहुधा बुरशीची बळी. मधोमध चिकटून दोन्ही टोकं खाली लोंबणारी, उलट्या ‘व्ही’सारखी आणि हात लावताच पाणी-पाणी होणारी अळी विषाणूची. फरक कामाचा आहे. विषाणू दाटीत पसरतो, म्हणजे संख्या शिगेला पोचल्यावर. बुरशीला मुख्यतः ओल लागते, त्यामुळे ती कमी संख्येतही काम करते. आजूबाजूला कोणते मृतदेह दिसतात यावरून यंदा हवेने साथ दिली की नुसती दाटी झाली, याचा अंदाज बांधता येतो.

१२. वारा आणि वादळं कीड पसरवतात का?

दोन प्रकारे. वाऱ्यावर किडी खरोखर लांब जातात. इप्स टायपोग्राफस २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सापडला. युरोप खंडावर उद्रेक चालू असताना तो वाऱ्याबरोबर खाडी ओलांडून येतो असं दिसतं. इथे हवामान स्वतःच कीड आणतंय. पलीकडचा उद्रेकही त्याचाच आणि वाहणारा वाराही.

दुसरा प्रकार म्हणजे पडलेली झाडं. २००५ च्या जानेवारीत गुद्रून वादळाने स्वीडनमध्ये सुमारे ७.५ कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं. पडलेल्या स्प्रूसला राळ ढकलण्याचं बळ नसतं. साल-भुंगेरे त्यात बिनविरोध वाढतात आणि संख्या पुरेशी झाली की उभ्या, धडधाकट झाडांवर तुटून पडतात. वादळानंतरचा पहिला उन्हाळा शांत जातो म्हणून गाफील राहू नये.

१३. जिथे कडाक्याची थंडी पडतच नाही, त्या उष्ण प्रदेशांत हे सगळं लागू होतं का?

थंडीचा भाग सोडून द्या, बाकी होतं. तिथे लगाम असतो पावसाचा, कोरड्या महिन्यांचा आणि कोवळ्या पालवीचा. सुबाभळीवरचा सायलिड हा जेमतेम दोन मिलिमीटरचा रसशोषक कीटक मूळ अमेरिका खंडातला. १९८४ मध्ये तो हवाईत दिसला, त्याच दशकात पॅसिफिक ओलांडून आशियाभर, भारतातही पसरला आणि १९९० च्या दशकात आफ्रिकेत पोचला. तो फक्त कोवळ्या शेंड्यांवर जगतो. पाऊस सरून नवी फूट आली आणि हवा सौम्य असली की शेंडे त्याने लदबदतात. धो-धो पाऊस त्याला धुऊन काढतो, कडक ऊन वाढ थांबवतं. म्हणून अशा प्रदेशात वर्षाच्या सरासरीपेक्षा कोणत्या महिन्यात किती पाऊस झाला आणि पालवी केव्हा आली, ते बघावं.

१४. देशी कीडही ‘आक्रमक’ होऊ शकते का?

शब्दावर वाद घालता येईल, पण व्यवहारात हो. माउंटन पाइन बीटल पश्चिम उत्तर अमेरिकेचाच. १९९० च्या दशकापासून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात त्याने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरवर हात फिरवला. उबदार हिवाळ्यांनी मारक थंडी काढून घेतली होती. त्यात वणवे विझवत राहिल्याने एकाच वयाच्या प्रौढ पाइनचा प्रचंड साठा उभा होता. २००६ मध्ये तो रॉकी पर्वत ओलांडून मोठ्या संख्येने आल्बर्टात उतरला आणि पुढे जॅक पाइन या त्याला अनोळखी झाडापर्यंत पोचला. अनोळखी झाडाला या भुंगेऱ्याशी झुंजायचा सराव नसतो. जॅक पाइनच्या बाजूने बघितलं तर हा भुंगेरा परकाच.

१५. वसंत लवकर आला तर अळ्या आणि पालवी यांचा मेळ चुकतो का?

चुकू शकतो. स्पॉन्जी मॉथ किंवा विंटर मॉथची अळी पालवीच्या आधी फुटली तर उपाशी मरते आणि उशिरा फुटली तर पान जून झालेलं असतं, त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य वाढलेलं असतं. दोघंही उष्णतेकडे बघून जागे होतात, पण दोघांचा हिशेब हुबेहूब एक नसतो, त्यामुळे विचित्र वसंतात फट पडते. मात्र या फटीवर भरवसा ठेवू नये. अळ्या रेशमाच्या धाग्याने वाऱ्यावर तरंगत दुसऱ्या झाडावर जातात, आणि एका जंगलात सगळी झाडं एकाच दिवशी फुटत नाहीत.

१६. जास्तीची पिढी मिळाली तर किडीचा फायदाच नाही का?

नेहमी नाही. ऊब लांबली म्हणून भुंगेऱ्यांनी उशिरा नवी पिढी सुरू केली आणि थंडी आली तेव्हा ती कोवळ्या अळ्यांच्याच अवस्थेत असली, तर अख्खी पिढी वाया जाते, कारण हिवाळा काढण्याची ताकद प्रत्येक अवस्थेत सारखी नसते. इप्स टायपोग्राफसचे बहुतेक भुंगेरे म्हणूनच दिवस लहान होऊ लागले की ऊब असली तरी थांबतात. माउंटन पाइन बीटलला तर सगळ्यांनी एकदम बाहेर पडणं महत्त्वाचं असतं. घोळक्याने हल्ला केला तरच मोठं झाड वाकतं. तापमानामुळे त्यांचं वेळापत्रक विसकटलं आणि ते सुटेसुटे निघाले तर झाड त्यांना पुरून उरतं.

१७. कीड थंडीला सरावत जाते का?

हो, आणि जुन्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. हेमलॉक ॲडेल्जिडची अमेरिकेतली उत्तरेकडची वस्ती दक्षिणेकडच्या वस्तीपेक्षा जास्त थंडी सोसते, आणि हे अवघ्या काही दशकांत घडलं आहे. ज्या थोड्या जणी त्या मारक रात्री वाचल्या, त्यांचीच लेकरं पुढे वाढली. ॲश बोररमध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या अळ्या दक्षिण ऑन्टारियोतल्या अळ्यांपेक्षा बऱ्याच जास्त थंडीत टिकतात. तिथे आनुवंशिक बदलापेक्षा शरीराचा लवचिकपणा मोठा दिसतो. ‘विनिपेगला हा भुंगेरा टिकणार नाही’ ही आशा त्यामुळे फोल ठरली.

१८. मग परदेशातून किडीचे शत्रू आणून सोडले तर? त्यांना हवा मानवते का?

यातच कित्येक प्रयत्न फसले आहेत. ॲश बोररसाठी चीनच्या त्यांजिन भागातून आणलेली स्पॅथियस ॲग्रिली ही परजीवी गांधीलमाशी उत्तर अमेरिकेच्या थंड भागात तग धरू शकली नाही. मग रशियाच्या अतिपूर्वेकडच्या थंडीत वाढलेली तिची चुलत बहीण, स्पॅथियस गॅलिनी, शोधून आणली आणि २०१५ पासून सोडायला सुरुवात झाली. हेमलॉकसाठी सोडलेल्या लॅरिकोबियस निग्रिनस या छोट्या भुंगेऱ्याचंही तसंच. किनाऱ्याजवळच्या सौम्य हवेतला वाण कडक थंडीत मार खातो, खंडाच्या आतल्या थंड भागातला टिकतो. शत्रू निवडताना तो किडीला खातो का, एवढंच विचारून भागत नाही. सोडायच्या जागेसारखाच हिवाळा तो मूळच्या घरी काढतो का, हेही विचारावं लागतं.

१९. कीड कुठवर जाईल हे दाखवणारे नकाशे कितपत खरे मानावेत?

दिशा म्हणून माना, कुंपण म्हणून नको. पाइन प्रोसेशनरी मॉथ या पाइनवरच्या पतंगाच्या अळ्या हिवाळ्यात घरट्यात राहतात. दिवसा घरट्यात ९ अंशांवर ऊब मिळाली आणि रात्री हवा शून्याच्या वर राहिली तरच त्या खातात. इतकी नेमकी अट माहीत असल्याने तिचा फ्रान्समधला उत्तरेकडचा प्रवास चांगला समजावता आला. पॅरिसच्या खोऱ्यात १९७२ ते २००४ दरम्यान ती सुमारे ८७ किलोमीटर सरकली. तरीही सरहद्दीच्या पुष्कळ पुढे तिच्या सुट्या वसाहती सापडल्या, कारण मोठी झाडं मुळांच्या मातीसकट दुसरीकडे लावायला नेली आणि त्या मातीत कोष होते. ट्रकमधून जाणाऱ्या कोषांचा अंदाज हवामानाच्या नकाशात येत नाही.

२०. मेलेल्या जंगलाचा उलट हवामानावर परिणाम होतो का?

होतो. वाढणारं झाड कार्बन ओढतं, कुजणारं सोडतं. ब्रिटिश कोलंबियातल्या उद्रेकाच्या हिशेबात असं निघालं की ते जंगल कार्बन साठवणाऱ्यांतून सोडणाऱ्यांत गेलं. नवी झाडं वाढली की पारडं पुन्हा फिरतं, पण त्याला दशकं लागतात.

२१. हवामान आपल्या हातात नाही. मग करायचं काय?

जे हातात आहे ते पुष्कळ आहे. सरपण लांब नेऊ नका, जिथलं तिथे जाळा. ॲश बोरर माणसांच्या गाड्यांतून जितका लांब गेला तितका स्वतःच्या पंखांवर गेला नाही. मालाचं लाकडी खोकं किंवा पॅलेट आलं तर त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आहे का बघा. गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची किंवा धुरी दिल्याची ती खूण असते. एकाच जातीचं, एकाच वयाचं जंगल लावू नका. दाटी विरळ केली तर उरलेल्या झाडांना दुष्काळातही पाणी पुरतं.

वेळही हवामानच सांगतं. ॲश बोररचे प्रौढ बाहेर पडू लागतात त्याच सुमारास ब्लॅक लोकस्ट या झाडाची फुलं उमलतात. त्यामुळे कॅलेंडर बघण्यापेक्षा त्या फुलांकडे बघून सापळे लावलेले बरे.

२२. मी स्वतः काय नोंदवून ठेवू, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल?

चार गोष्टी. हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र आणि तिची तारीख. त्या रात्री जमिनीवर बर्फ होता का, किती. वसंतात पालवी फुटल्याचा आणि पहिली अळी दिसल्याचा दिवस. आणि दर वर्षी त्याच पाच-सहा झाडांच्या खोडांचे फोटो, सालीवरची भोकं दिसतील इतक्या जवळून. ॲश बोररचं भोक तीन-चार मिलिमीटरचं, एका बाजूने सपाट, इंग्रजी ‘डी’सारखं असतं. फोटोत मापाला नाणं ठेवा. भोकं गोल असली तरी फोटो टाकून देऊ नका, ती दुसऱ्या कुणाची असतील.